अर्धी गाडी

फोन आक्काचा होता. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बाजाराच्या दिवशी ती कधी कुणाला फोन करत नाही, त्या दिवशी तिला डोकं खाजवायलाही फुरसत नसते. म्हणून तिचं नाव दिसल्याबरोबर मी हातातलं काम टाकून फोन उचलला. ती रडत नव्हती. "भाऊ, कोठे शे तू?" असं तिनं विचारलं. मागे तळोद्याच्या बाजाराचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी लसणाचा भाव ओरडत होतं. "नाना गयात," ती म्हणाली. आणि मी काही बोलायच्या आत तिनं पुढचं वाक्य टाकलं, जे अजून माझ्या डोक्यातून जायला तयार नाही. "गाडी अठेच शे. कशी आणू? माले अर्धीच चालावता येस."

मला अर्धीच चालवता येते. नाना म्हणजे तिचे यजमान, माझे मेहुणे. नवरा डोळ्यांसमोर गेला आणि ही बाई गाडीचं काय घेऊन बसली, असं परक्या माणसाला वाटेल. पण ती अगदी खरं तेच सांगत होती. त्या घरची जुनी व्हॅन दोघं मिळून चालवत होती, आणि हे मी सांसारिक अर्थाने म्हणत नाही. स्टिअरिंग, क्लच आणि ब्रेक नानांचे, गिअर आक्काचा. नाना उजव्या बाजूला ड्रायव्हरच्या जागी, आक्का डावीकडे शेजारी, आणि मधला गिअरचा दांडा आक्काच्या उजव्या हातात. त्यामुळे नाना गेले तेव्हा गाडीचाही अर्धा ड्रायव्हर गेला होता.

नाना कोरीटचे. कागदावर नाव भगवान, पण त्या नावाने त्यांना फक्त तलाठ्याने हाक मारली असेल. घर शेतकऱ्यांचं, तापीच्या पट्ट्यातली काळी जमीन, भावाभावांत मिळून कापूस आणि मिरची. लग्नात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बैलाला दावणीतून ओढावं तसं एका हाताने मला ओढून फोटोत घेऊन गेले होते. पुढे एकदा कापसाने भरलेल्या ट्रॉलीवरून ते खाली आले आणि डावा खांदा कायमचा गेला. हात दिसायला शाबूत, पण त्यात ओढ म्हणून राहिली नाही. डाव्या हाताचा अंगठा सदऱ्याच्या खिशात अडकवून ते फिरायचे. लोकांना ती ऐट वाटायची. एका हाताने शेती होईना, तेव्हा त्यांनी आपला वाटा धाकट्या भावाला कसायला दिला आणि आक्काला घेऊन आठवडे बाजार करायला लागले. माल कटलरीचा. कटलरी म्हणजे आमच्याकडे बांगड्या, रिबिनी, कंगवे, पिना, मण्यांच्या माळा, असला बायकांचा माल. आणि माल न्यायला घेतली ती व्हॅन, घेतली तेव्हाच जुनी, पुढच्या सीटखाली इंजिन असलेली, उन्हाळ्यात बूड भाजणारी.

आता माझी गोची समजून घ्या. मी नंदुरबारला उभं आयुष्य मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. हात कुठे, पाय कुठे, आरसा कधी बघायचा, हे लोकांना सांगून सांगून माझा घसा बसला. आणि माझी सख्खी बहीण आणि मेहुणा असे गाडी चालवतात हे मला कळलं ते मी मागच्या सीटवर बसलेलो असताना, तापीच्या पुलाच्या अलीकडे. नानांनी डावा पाय दाबला, तोंडाने "हां" म्हटलं, आणि आक्काने, माझ्याशी आमच्या मावसबहिणीच्या सुनेच्या चहाड्या करत असतानाच, न बघता दांडा खाली ओढला. दुसरा गिअर लोण्यासारखा पडला. मी ओरडलोच. गाडी थांबवायला लावली, रस्त्याच्या कडेला उभं राहून दोघांना झाडलं. नाना शांतपणे ऐकत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "मास्तर, तुन्ही गाडीमा दोन ब्रेक शेतस. मन्ही गाडीमा दोन माणसे शेतस. फरक काय?" शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखाली जादा क्लच-ब्रेक असतो, त्यावर हा टोला. पण तसं चालवणं चूक होतं हे मी आजही म्हणेन. कुणी वाचून हा प्रयोग करू नये.

पण खरं सांगतो, चालवायचे छान. इतके धक्के न देता गाडी चालवणारा माणूस मी कमी पाहिला. गिअर कोणता टाकायचा हे नाना कधी सांगायचे नाहीत. चढ दिसायचा, इंजिनाचा आवाज जड व्हायचा, ते आक्काच्या कानाला कळायचं. नाना फक्त क्लच दाबला की "हां" म्हणायचे. तेवढा एक शब्द. भांडणं झाली तरी तो थांबायचा नाही. एकदा नवापूरच्या बाजारात कशावरून तरी दोघांचं वाजलं, आणि मी त्यांच्याबरोबर परत येत होतो. नवापूर सोडलं ते कोरीट येईपर्यंत गाडीत कुणी एक अक्षर बोललं नाही... फक्त "हां", आणि गिअर. परत "हां", आणि गिअर. आक्काचं तोंड खिडकीकडे, नानांचं रस्त्याकडे. मला हसू आवरेना आणि हसायची सोय नव्हती.

आता या असल्या चालवण्याला गाडीही तशी लागते. गिअरचा दांडा ड्रायव्हरच्या हाताला येईल असा असतो, शेजारच्याच्या नाही. दांड्याच्या खालून एक लांब रॉड गाडीच्या पोटाखालून गिअरबॉक्सकडे जातो, मध्ये सांधे असतात, सांध्यांत प्लॅस्टिकचे बुश असतात, आणि एका ठिकाणी नटबोल्टने आवळलेली क्लिप असते. ती सैल करून दांडा जरा इकडेतिकडे सरकवता येतो. या सगळ्याला लिंकेज म्हणतात. नानांनी ती क्लिप सैल करून दांडा डावीकडे, आक्काकडे झुकवून घेतला होता. इतका, की पहिल्या गिअरला तो आक्काच्या सीटला टेकायचा. म्हणून सीटच्या कोपऱ्याचा फोम त्यांनी सुरीने कापून टाकला, भाकरीचा तुकडा मोडावा तसा. मला सगळं कळल्यावर हे सेटिंग करून द्यायला ते आधी माझ्याकडेच आले होते आणि मी साफ नाही म्हटलं. मग गॅरेजवाल्याकडून करून घेतलं. पण दर वेळी गाडी सर्व्हिसिंगला गेली की तिथला नवा कारागीर "कुणी बिघडवलंय हे" म्हणत दांडा परत जागेवर आणून ठेवायचा, आणि गॅरेजच्या फाटकातच आक्काचा हात हवेत फिरायचा. अखेर नाना स्वतः गाडीखाली शिरायला शिकले. ते खाली एका हाताने पाना घेऊन, आक्का वर दांडा धरून बसलेली, "आखो जरासं... आखो... बस" करत. आखो म्हणजे आणखी.

धडगावच्या बाजाराला जाताना चांदसैलीच्या घाटात एकदा लिंकेजचा बुश झिजून गळून पडला आणि दांडा आक्काच्या हातात नुसता डोलायला लागला. गिअर कुठलाच पडेना. खाली वाकून बघायचं तर नानांचा हात एक, आणि सांधा बसवायला हात लागतात दोन. मग आक्का गाडीखाली गेली. आयुष्यात पहिल्यांदा. नानांनी बाजूला उकिडवं बसून सांगितलं आणि तिनं केलं: बुशाच्या जागी मालातली लाल रिबीन घट्ट गुंडाळली, त्यावर रॉडचं भोक बसवलं, आणि सांधा निसटू नये म्हणून असते ती स्प्लिट पिन हरवली होती म्हणून त्या जागी केसांची पीन आरपार घालून वाकवली. त्यावर ते धडगावला गेले, बाजार केला आणि घरी आले. मला हे ऐकवताना नानांच्या चेहऱ्यावर अशी फुशारकी होती की जणू आक्काने विमान उतरवलं. मी म्हटलं, नाना, उद्याच्या उद्या नवीन बुश टाका. त्यांनी बुश टाकला. पीन तशीच ठेवली. "चालस ना," म्हणाले.

मिरच्या वाळत घालायचे दिवस होते. नंदुरबारच्या आजूबाजूला जिकडे बघावं तिकडे जमीन लाल झालेली असते आणि माणसं शिंकत असतात, ते दिवस. तळोद्याच्या बाजारात ताडपत्री अंथरता अंथरता नाना खाली बसले, आक्काकडे पाणी मागितलं, आणि ती तांब्या घेऊन वळेपर्यंत संपलेले होते. दवाखान्यात नेलं ते आपलं नावापुरतं. रुग्णवाहिकेतून नाना कोरीटला आले, आक्का आली, आणि गाडी तिथेच राहिली, त्यांच्या नेहमीच्या जागेवर, माल पोटात घेऊन. शेजारी बसणारा लसूणवाला म्हणाला, मी बघतो, तुम्ही जा.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर मी मोठ्या ऐटीत गाडी आणायला तळोद्याला गेलो. आपण तर गाडी शिकवणारे! बसलो, किल्ली फिरवली, क्लच दाबला आणि पहिला गिअर शोधायला लागलो. दांडा इतका डावीकडे, की मला अर्धं अंग वाकवावं लागलं. पहिला समजून टाकला तो तिसरा निघाला, गाडी उचकी देऊन बंद. परत टाकला, परत तिसरा. मागचा तर सापडलाच नाही. चार बुश झिजलेले, दांड्याला हातभर मोकळीक, आणि कोणता गिअर कुठे आहे हे सांगणारा त्यात काही खुणेचा अटकाव नाही. ते सगळं एका बाईच्या मनगटात होतं. बाजार नव्हता, तरी बघायला माणसं जमली. लसूणवाला सहानुभूतीने म्हणाला, "राहू द्या मास्तर, ताईच पाहिजे." मी एसटीने परत आलो.

गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. त्यानंतर आक्का स्वतःच म्हणाली, चल, गाडी घेऊन येऊ. घरातल्या बायका कुरकुरल्या, इतक्यात बाहेर पडायचं नसतं म्हणाल्या. ती ऐकल्या न ऐकल्यासारखं करून चपला घालून उभी राहिली. तळोद्यात लसूणवाल्याला नमस्कार करून ती आपल्या नेहमीच्या डाव्या सीटवर बसली. मी स्टिअरिंगवर. दुसरं काय करणार! इंजिन चालू केलं, क्लच दाबला, आणि वाट बघितली. ती हात दांड्यावर ठेवून समोर बघत बसलेली. मी म्हटलं, आक्का, टाक ना. तिनं हात हलवला नाही. मला वाटलं, तिला भरून आलंय. तसं नव्हतं. ती माझ्याकडे वळून साध्या आवाजात म्हणाली, "हां म्हन. त्यानाबिगर हात उठत नही."

माझ्या तोंडून तो शब्द निघेना. सबंध आयुष्य मी लोकांना क्लच दाबा, गिअर टाका म्हणत आलो, पण ते "हां" माझं नव्हतं, ते नानांचं होतं. शेवटी म्हटलं. हलक्या आवाजात, चोरट्यासारखं. आणि आक्काचा हात उठला, दांडा डावीकडे, वर, आणि पहिला गिअर पडला. तळोदा ते कोरीट मी तो शब्द म्हणत आलो आणि दर वेळी माझे डोळे भरून येत होते. आक्का रस्ताभर खिडकीतून बाहेर बघत होती. मला त्या दिवशी नानांची जितकी आठवण आली तितकी ते जळत असतानाही आली नव्हती.

आक्काचा मुलगा भूषण सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे. भला पोरगा, पण घाईचा. आईला सुरतेला घेऊन जायचं, गाडी विकायची, बाजार बंद, असं त्यानं ठरवून टाकलं. चूक म्हणता येत नाही. चुलत सासूने तर वेगळंच काढलं: तुझेच हात आता मोकळे, तू दुसऱ्याला बांगड्या कशा भरशील? आक्का तिला म्हणाली म्हणे, की डोंगरातून येणाऱ्या बाया माझे हात बघायला येत नाहीत, माल बघायला येतात. भूषणने नवापूरहून एक गिऱ्हाईक आणलं. त्याला कोंबड्यांचं खाद्य वाहायला गाडी हवी होती. त्यानं खळ्यात गाडी मागेपुढे करायचा प्रयत्न केला, माझी तळोद्यात झाली तीच गत त्याची झाली, आणि तो खाली उतरून म्हणाला की गिअरबॉक्स गेलाय, ही भंगारातच जाणार. भूषण त्यालाही तयार झाला.

मला राग आला. गाडीची बदनामी मला सहन होत नाही. मी म्हटलं, थांबा. इंजिन बंद करून, आक्काला तिच्या जागी बसवून, एकेक गिअर टाकून दाखवायला लावला. सगळे पडले. मग इंजिन चालू करून, मी क्लच दाबून, परत टाकायला लावले. तेही पडले. बंद गाडीत गिअर सहज पडतो आणि चालू केल्यावर कुरकुरतो, तर दोष क्लचचा. इथे दोन्ही वेळा सुरळीत, म्हणजे क्लच ठीक, गिअरबॉक्स ठीक; जे काही आहे ते मधल्या दांड्यांचं सेटिंग आणि झिजलेले बुश. हे मी त्या गिऱ्हाइकाला समजावत होतो, गाडीला चांगला भाव यावा म्हणूनच. आणि आक्का सीटवर बसल्या बसल्या म्हणाली, "गाडी विकानी नही. मी चालावसू. सगळी."

भूषण म्हणाला, आई, या वयात? एखादा ड्रायव्हर ठेव हवं तर. आक्का म्हणाली, ड्रायव्हर ठेवला तर दिवसभर त्याच्याशी बोलायचं काय? पण खरं कारण तिनं मला नंतर ओट्यावर सांगितलं. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो. डोंगरातली गावंच्या गावं खाली उतरतात, बायका-पोरी वर्षभराच्या माळा-बांगड्या त्या दिवशी घेतात. ज्याची जागा त्या दिवशी रिकामी दिसली त्याची जागा गेली, दुसरा ताडपत्री अंथरतो, आणि मग वर्षभर भांडूनही ती मिळत नाही. लसूणवाला दर बाजाराला तरी किती राखणार? ती जागा नानांनी आणि तिनं मिळून धरलेली होती. सुरतेच्या फ्लॅटमध्ये तिला कुणी उपाशी ठेवलं नसतं. पण तिथे ती भूषणची आई म्हणून राहिली असती, आणि तळोद्याच्या बाजारात ती ती होती. भूषणने होळीपर्यंतची मुदत दिली. होळीला गाडी खळ्यातच उभी असली तर विकायची.

म्हणून मी, या गुडघ्यांनिशी, गाडीखाली शिरलो. चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला, खाली गोणपाट टाकलं. एकेक बुश काढून नवीन बसवला. मधल्या सांध्याशी आलो तर तिथे ती केसांची पीन, काळी पडलेली, अजून जागेवर. बुशाच्या कडेला लाल रिबिनीचा एक धागा ग्रीसमध्ये चिकटलेला. मी पीन काढली आणि तिथे नवी स्प्लिट पिन घातली. सेफ्टी ती सेफ्टी. बाहेर येऊन पीन आक्काच्या हातात दिली. तिनं पदराला पुसून बघितली आणि म्हणाली, ही माझी नाही, मालातली आहे. आणि ब्लाउजला खोचून ठेवली.

मग सेटिंग. गिअरबॉक्स न्यूट्रलला आणला, क्लिपचा नट सैल केला, आणि आक्काला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. ती ठेंगणी. सीट सगळी पुढे ओढून, पाठीमागे गोधडीची घडी घालून तिचे पाय पुरले. मी खालून ओरडलो, दांडा सरळ उभा धर, मधोमध, कंपनीने दिलाय तसा. ती वरून म्हणाली, तिथे माझा हात पोचत नाही. मी म्हटलं, सगळ्यांचा पोचतो. ती म्हणाली, सगळे का माझी गाडी चालवणार आहेत? या घरात पुस्तकातली जागा कधी कुणाला चालली नाही, हे मी विसरलो होतो. निमूटपणे म्हटलं, बरं बाई, धर तुला सोयीचं. "आखो जरासं... आखो... बस," ती म्हणाली, आणि मी नट आवळला. पहिल्या खेपेला मागचा गिअर अडायला लागला, म्हणून परत थोडं सैल करून मागे घेतलं. दुसऱ्या खेपेला सगळे पडले. दांडा आता ड्रायव्हरकडे झुकलेला, आणि पुढे. डाव्या सीटचा कापलेला कोपरा रिकामाच राहिला.

शिकाऊ लायसन्स काढलं आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. स्टिअरिंग तिला आठवड्यात आलं. इतकी वर्षं शेजारी बसून रस्ता तिच्या डोळ्यांत उतरलेला होता. गिअर येईना. जी बाई डोळे मिटून गिअर टाकायची तिला गिअर येईना, काय म्हणावं! एक तर उजव्या हाताची सवय डाव्याला नव्हती. त्याहून मोठी अडचण म्हणजे पाय आणि हात जुळेनात. क्लच पुरता दबायच्या आधीच हात ओढायचा, नाहीतर क्लच दाबून ती नुसती समोर बघत बसायची आणि गाडी घरंगळत उभी राहायची. कर्रर्र आवाज काढला की माझे दात शिवशिवायचे. मी सगळ्या युक्त्या करून बघितल्या, रागावलो, मोजायला शिकवलं, एकदा तर खाली उतरून चालायलाच लागलो. शेवटी थकून, डाव्या सीटवर बसल्या बसल्या, तिनं क्लच दाबल्याबरोबर मीच "हां" म्हणालो. गिअर लोण्यासारखा पडला. मग रोज तेच. मी "हां" म्हणायचं, तिनं टाकायचा. छान चाललं, पण माझ्या लक्षात आलं की मी काही तिला गाडी शिकवत नव्हतो. मी दुसरा नाना होऊन बसलो होतो, आणि मी काय जन्मभर तिच्या डाव्या बाजूला बसणार होतो?

भोंगऱ्याच्या दिवशी सकाळी माल भरला, पुढे-मागे शिकाऊचा बोर्ड लावला, आणि निघायच्या आधी मी तिला सांगितलं, आज मी तुझ्या शेजारी बसेन, पण तोंड उघडणार नाही. जमलं तर तळोदा, नाही जमलं तर परत खळ्यात. भूषण सुरतेहून आलेला, दारात उभा. आक्काने माझ्याकडे बघितलं, मी लहानपणी तिची पाटी फोडली होती तेव्हा बघितलं होतं तसं. पहिला गिअर कसाबसा पडला. दुसऱ्याला कर्रर्र. गाव संपेपर्यंत गाडी दोनदा बंद पडली. मागून येणारी जीप हॉर्न वाजवत, आतली माणसं हसत पुढे निघून गेली. मी ओठ दाबून बसलो होतो, मांड्यांखाली हात घालून. तापीच्या पुलाच्या चढाला इंजिन जड झालं. दुसरा टाकायला हवा होता. तिनं क्लच दाबला. हात दांड्यावर. आणि नेहमीसारखी थांबली, वाट बघत... गाडी मंदावत मंदावत उभी राहायच्या बेताला आली. आणि ती स्वतःच म्हणाली, "हां."

मोठ्याने म्हणाली. जरा घोगऱ्या आवाजात, शेवटी किंचित खाली येणाऱ्या, अगदी नानांच्या. हात उठला, दुसरा गिअर पडला, गाडी पूल चढली. ती माझ्याकडे वळली नाही. पुलावर तिसऱ्याला पुन्हा "हां." मी खिडकीतून तापीकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती. तळोद्यात लसूणवाल्याने आपल्या गोण्या तिच्या जागेवर पसरून ती राखली होती. तिनं मागचा गिअर टाकून गाडी तिथे नीट लावली आणि उतरताना ब्लाउजची ती पीन काढून मालात टाकली. म्हणाली, विकली जाईल.

आता तिचं पक्कं लायसन्स झालंय. परवा बाजाराच्या सकाळी मी कोरीटला होतो. डाव्या सीटवर मी नव्हतो, कुणीच नव्हतं. बांगड्यांचं एक खोकं त्या कापलेल्या कोपऱ्याला टेकवून ठेवलं होतं. मी तिला म्हटलं होतं, फोम भरून घे, माणूस बसला तर टोचेल. भरू की, म्हणाली, आणि अजून भरलेला नाही. तिनं गाडी चालू केली. खिडकीची काच खाली होती. मी खळ्याच्या कोपऱ्यात दात घासत उभा होतो. गाडीत ती एकटीच होती, आणि आतून "हां" असं ऐकू आलं, आणि पहिला गिअर पडला.